बरड माळावर गवत परत आणताना

साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडच्या बरड गायरानावर पहिल्या पावसाळ्यात काही पेरू नका. फक्त चराईबंदी करा. ग्रामसभेचा ठराव आधी हवा. धुळे तालुक्यातल्या लामकानीने बंदी पाळून दाखवली आहे. मुरमात मारवेल, शेडा, डोंगरी या गवतांचे जुने ठोंब बऱ्याचदा जिवंत असतात, गुरांच्या तोंडून वाचले की सप्टेंबरपर्यंत डोकं वर काढतात. तेव्हा माळभर वीसेक ठिकाणी दोरीने एक चौरस मीटरचे चौकोन आखा आणि ठोंब मोजा. चौकोनामागे दोन-तीन सापडले तर पेरणीचा खर्च वाचला. नुसता तरोटा आणि कुसळ दिसली तर बी लागेल.

यंत्राने समतल चर (उताराला आडवे खणलेले चर) काढायची घाई नको. वीतभर मातीच्या माळावर चर उरलेले ठोंब उपटतो आणि मुरूम वर आणतो. ओघळीत दगडी बांध घातले तरी पुरे. गिरिपुष्प, सुबाभूळही लावू नका. हिवर, बोर आहेत तेवढे राहू द्या. वेडी बाभूळ मात्र मुळासकट काढा, वरून तोडली की दुप्पट फुटते.

या गवतांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जवळपासच्याच बांधांवरून गोळा करा. तुरा चिमटीतून ओढल्यावर बी अलगद सुटलं पाहिजे. मग तळहातावर चोळून बघा: फोल उडून गेल्यावर कणीपेक्षा बारीक, कडक दाणा उरतो. काहीच उरलं नाही तर ती रास पोकळ समजा. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत जूनपर्यंत ठेवा. ताज्या बियांची सुप्तावस्था असते, लगेच पेरलं तर उगवण फार कमी येते. मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून उगवण तपासा.

हेक्टरी पाच-सहा किलो बी धरा. नुसतं फेकलं तर वारा नेतो, मुंग्या नेतात. म्हणून एक भाग बी, एक भाग चाळलेलं शेणखत, चार भाग तलावातला गाळ कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा. जमीन बखराने खरवडून गोळ्या टाका. एक सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेलं बी वर येत नाही. वळवाच्या सरीवर पेराल तर कोंब फुटून वाळेल. मृगानंतर नीट ओल झाल्यावर निम्म्या गोळ्या टाका, निम्म्या राखून ठेवा. खानदेशात जुलैत पावसाचा खंड बऱ्याचदा पडतो, तो सरल्यावर त्या कामी येतील.

मारवेलचे ठोंब लावणं खात्रीचं, पण ५० सेंटीमीटर अंतराने हेक्टरी ४०,००० लागतात. तेवढं मनुष्यबळ कुठलं? ओघळीच्या काठापुरतेच लावा.

दोन वर्षं चराई नको, कापणी मात्र हवीच. बी झडल्यावर विळ्याने कापा, दहा सेंटीमीटर बुडखा ठेवा. न कापलेलं वाळकं गवत नव्या फुटव्यांना दाबतं आणि वणव्याला आमंत्रण देतं; जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, जानेवारीतच काढा. ठेलाऱ्यांची, म्हणजे भटक्या मेंढपाळांची ये-जा असलेली वाट बंदीतून वगळा आणि हे त्यांच्याशी आधीच बोलून ठरवा, नाहीतर कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात तुटेल.