कशापैकी?

संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे दहावी-बारावीची बारा-चौदा मुलं शिकायला येतात. घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकातून आत. गल्लीत अजून दोन ठिकाणी माग चालतात, म्हणून मला जरा मोठ्यानेच बोलावं लागतं. संभाव्यतेचा धडा काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, ह्याला सूत्र कुठलं लागतं?"

मी सूत्र सांगत नाही. वहीत एक आडवी रेघ मारायला लावते आणि सांगते, रेघेच्या खाली काय येणार ते आधी लिही, वरचं नंतर बघू.

आपल्या भाषेत यासाठी फार सोयीचा शब्द आहे, 'पैकी'. निकालाच्या दिवशी "३८ पडले" एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. "कितीपैकी?" हे लगेच विचारलं जातं, कारण पन्नासपैकी आणि शंभरपैकी यांत घरभर फरक पडतो. संभाव्यतेचं प्रत्येक उदाहरण हाच प्रश्न विचारतं, आणि सांख्यिकीतलीही बरीचशी. इतकी वर्षं वह्या तपासते आहे, चूक बहुतेक वेळा रेघेच्या खालीच सापडते.

सुरुवात दोन नाण्यांनी करा, पण नाणी वेगळी घ्या, एक रुपयाचं आणि एक दोन रुपयांचं. दोन्ही उडवली तर कमीत कमी एक छापा पडण्याची संभाव्यता किती? मुलं भराभर लिहितात: दोन छापे, एक छापा, एकही नाही. तीन निष्पत्ती, त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या, उत्तर २/३. आता नाणी हातात घेऊन लिहा: रुपयावर छापा नि दोनवर छापा, रुपयावर छापा नि दोनवर काटा, रुपयावर काटा नि दोनवर छापा, दोन्हींवर काटा. निष्पत्ती चार निघाल्या, कामाच्या तीन. उत्तर ३/४. 'एक छापा' म्हणून जी एकच ओळ लिहिली होती तिच्या पोटात दोन ओळी होत्या.

ही चूक ज्याच्या हातून होते त्याला मी द'अलांबेरची गोष्ट सांगते. तो फ्रान्सचा मोठा गणिती. १७५४ साली तिथल्या विश्वकोशात त्याने लिहिलं की पहिल्याच फेकीला छापा पडला तर दुसरी फेक करायची गरजच उरत नाही, म्हणजे शक्यता तीनच: आधीच छापा, काटा मग छापा, काटा मग काटा. आणि उत्तर काढलं २/३. तीन शक्यता बरोबर मोजल्या, पण त्या सारख्या वजनाच्या नाहीत हे सुटलं. पहिल्याच फेकीला छापा पडण्याचं वजन १/२, उरलेल्या दोघींचं १/४, १/४. त्या वजनांनी मोजलं की त्याच्याही यादीतून १/२ अधिक १/४, म्हणजे ३/४ येतात. म्हणून नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या निष्पत्तींची यादी, लिहून झाला की थांबायचं आणि विचारायचं: यातली प्रत्येक ओळ सारख्याच शक्यतेची आहे का? असेल तरच नुसती मोजणी चालते.

पुढचं उदाहरण मी वहीत करून घेत नाही. एका पिशवीत बारा नॅपकिन ठेवते. त्यांतले तीन सेकंड माल, कडेची तार सुटलेली. डोळे मिटून दोन काढायचे. बोटांना सुटलेली तार लागली की मुलं ओरडतात, आणि तेवढ्यात मी विचारते: दोनांत कमीत कमी एक सेकंड निघण्याची संभाव्यता किती?

बहुतेकांचं उत्तर असं येतं: पहिला सेकंड निघण्याची ३/१२, दुसऱ्याची ३/१२, बेरीज १/२. हे उत्तर नुसतं खोडू नका, त्याच्या आत काय चुकलंय ते उघडून बघा. बारांतून दोनांच्या जोड्या किती होतात? १२ गुणिले ११ भागिले २, म्हणजे ६६. हा आपला छेद. एक सेकंड आणि एक चांगला अशा जोड्या ३ गुणिले ९, म्हणजे २७. दोन्ही सेकंड अशा जोड्या ३. एकूण ३०. उत्तर ३०/६६, म्हणजे ५/११. मुलांचं १/२ म्हणजे ३३/६६. फरक नेमका तीन जोड्यांचा. कुठल्या तीन? दोन्ही सेकंड असलेल्या, कारण त्या 'पहिला सेकंड'मध्ये एकदा मोजल्या आणि 'दुसरा सेकंड'मध्ये परत एकदा. बेरजेच्या सूत्रात शेवटी जे वजा करायचं असतं ते हेच. एकदा पिशवीतून काढून बघितलं की ते वजाचं चिन्ह पाठ करावं लागत नाही.

आणि 'कमीत कमी एक' दिसलं की उलट बाजूनेही करून बघायचं, ती पडताळणी फुकटात मिळते. एकही सेकंड नाही, म्हणजे दोन्ही चांगले: ९/१२ गुणिले ८/११, म्हणजे ६/११. एकातून वजा केले की ५/११. दुसऱ्या वेळी छेद बाराचा अकरा झाला, कारण पहिला नॅपकिन हातात आहे, पिशवीत नाही. तो परत टाकला असता तर छेद बाराच राहिला असता. प्रश्नात 'परत न ठेवता' हे शब्द आहेत का, ते पेन्सिलने अधोरेखित करा. 'फक्त एक' आणि 'कमीत कमी एक' हेही.

आता सशर्त संभाव्यता, म्हणजे एक गोष्ट घडलीय हे धरून दुसरीची संभाव्यता. बारावीची मुलं इथे सगळ्यात जास्त घाबरतात, म्हणून इथे मी घाई करत नाही. टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला बसलेली बाई टॉवेल उजेडासमोर धरते, डाग किंवा तुटलेली तार दिसली की पीस बाजूला टाकते. समजा, १००० टॉवेलपैकी ४० खरोखर खराब आहेत. खराब पीसपैकी ९० टक्के तिच्या नजरेत येतात. आणि चांगल्या पीसपैकी ५ टक्के ती चुकून बाजूला टाकते. प्रश्न असा की बाजूला टाकलेला एक टॉवेल उचलला, तर तो खरंच खराब असण्याची संभाव्यता किती?

सगळे म्हणतात ९० टक्के. सूत्राचं नाव काढू नका, चार आकडे मांडा. खराब ४०, त्यांतले ३६ बाजूला गेले, ४ निसटले. चांगले ९६०, त्यांतले ४८ चुकून बाजूला गेले, ९१२ पुढे गेले. बाजूच्या ढिगात किती? ३६ अधिक ४८, म्हणजे ८४. त्यांतले खराब ३६. उत्तर ३६/८४, म्हणजे ३/७, साधारण ४३ टक्के.

९० टक्के म्हणजे 'खराब असलेल्यांपैकी किती सापडले', ३६/४०. आपल्याला विचारलंय 'बाजूला टाकलेल्यांपैकी किती खराब', ३६/८४. वर दोन्हीकडे तेच छत्तीस टॉवेल आहेत, बदललं ते खालचं. इंग्लंडमधले धर्मोपदेशक थॉमस बेज यांचा यावरचा निबंध ते वारल्यानंतर, १७६३ साली रॉयल सोसायटीत वाचला गेला. पुस्तकातलं त्यांचं सूत्र लांबलचक दिसतं, पण त्याच्या छेदात बसलेलं असतं ते हेच ३६ अधिक ४८. रक्ततपासणीचा अहवाल 'पॉझिटिव्ह' आला तरी डॉक्टर दुसरी तपासणी करायला का सांगतात, तेही याच मांडणीतून कळतं. आजार विरळ असेल तर निरोग्यांतून चुकून आलेले आकडे मोठे होतात.

सांख्यिकीकडे वळताना मी मार्केट यार्डातली कांद्याची पट्टी घेते. वर्गात शेतकऱ्यांची मुलं असतात, त्यांना आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, वाचता येते. समजा, एका शेतकऱ्याच्या सारख्याच वजनाच्या ६० पिशव्या तीन वक्कलांत, म्हणजे प्रतीप्रमाणे लावलेल्या ढिगांत, विकल्या गेल्या: एक नंबरच्या ४० पिशव्या क्विंटलला १५०० रुपयांनी, दोन नंबरच्या १५ पिशव्या ९०० ने, आणि गोल्टीच्या, म्हणजे बारक्या कांद्याच्या, ५ पिशव्या ३०० ने. सरासरी दर किती? १५००, ९०० आणि ३०० मिळवून तीनाने भागलं तर ९०० येतात. पण शेतकऱ्याने तीन दर विकले नाहीत, साठ पिशव्या विकल्या. ४० गुणिले १५००, अधिक १५ गुणिले ९००, अधिक ५ गुणिले ३००, बेरीज ७५,०००. भागिले ६०, उत्तर १२५०. सरासरी काढायच्या आधी कशाला भागतोय ते तोंडाने बोला: दरांना की पिशव्यांना? दहावीच्या वारंवारता सारणीत दरवेळी वारंवारतेने गुणायचं का असतं, ते या पट्टीत दिसतं.

मध्यकाचं, म्हणजे रांगेच्या मधोमध येणाऱ्या आकड्याचं, सूत्र मुलांना सगळ्यात किचकट वाटतं. त्यासाठी रांग लावा. समजा, शंभर बिडी कामगार बायकांनी एका दिवसात वळलेल्या बिड्या अशा आहेत: ४०० ते ६०० वळणाऱ्या १२ जणी, ६०० ते ८०० वाल्या २८, ८०० ते १००० वाल्या ४०, आणि १००० ते १२०० वाल्या २०. कमी वळणारीपासून जास्त वळणारीपर्यंत सगळ्यांना रांगेत उभं केलं तर पन्नासावी कुठे उभी असेल? पहिल्या दोन गटांत ४० संपल्या. अजून १० जणी पुढे जायचं, आणि पुढचा गट ४० जणींचा. म्हणजे त्या गटात पाव वाट चालायची. गटाची रुंदी २००, तिचा पाव ५०. मध्यक ८५०. पुस्तकातल्या सूत्रात एवढंच लिहिलंय.

प्रमाण विचलनाला, म्हणजे आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत ते मोजायला, फार वेळ लागत नाही. वडील जॉबर होते, माग अडला की बोलावणं यायचं, त्यामुळे उदाहरण घरचंच. एक माग तीन पाळ्यांत ४८, ५०, ५२ टॉवेल देतो, दुसरा ३०, ५०, ७०. सरासरी दोन्हींची ५०, पण दुसऱ्याच्या भरवशावर मालाची तारीख कुणी देणार नाही. सरासरीपासूनचे फरक नुसते मिळवले तर शून्य येतात, म्हणून वर्ग करायचे. पहिल्याच्या वर्गांची बेरीज ८, दुसऱ्याची ८००. आता भागायचं कशाने? या तीन पाळ्या हाच सगळा हिशोब असेल तर तीनाने. त्यांच्यावरून मागाच्या एरवीच्या कामाचा अंदाज बांधायचा असेल तर दोनाने, कारण फरकांची बेरीज शून्यच असते, दोन फरक कळले की तिसरा ठरलेलाच, मोकळे दोनच उरतात. दोनाने भागून वर्गमूळ काढलं की पहिल्याचं विचलन २, दुसऱ्याचं २०.

नमुना कसा घ्यायचा याला पुस्तकात थोडीच जागा दिलेली असते. मी त्यासाठी पूर्ण एक दिवस ठेवते. नमुना वाकडा असेल तर पुढचं गणित कितीही चोख केलं तरी उपयोग नाही. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे पुढे जगभर नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ झाले. पीक कापणीच्या प्रयोगात शेताचा एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज बांधतात; हा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं. लहान तुकड्यात आतल्या मानाने कड जास्त असते, आणि कापणारा कडेवरची ताटं आत ओढून घेतो. तो लबाडी करत नसतो, हात आपसूक तसा जातो.

हे मला लवकर पटलं, कारण मी लहानपणी ते पाहिलं होतं. आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू. दिवसाला हजार, म्हणजे पंचवीसची ४० बंडलं. दिवसा वळलेली घट्ट असायची. रात्री मिणमिणत्या दिव्याखाली शेवटची काही वळायची, ती जरा सैल यायची आणि टोपलीत सगळ्यात वर बसायची. सकाळी टोपली घेऊन मी तिच्याबरोबर जायची. तपासणारा वरची दोन बंडलं उचलायचा, बिडी चिमटीत दाबायचा, सैल लागली की सगळ्या टोपलीवर छाट लावायचा, म्हणजे माल बाद धरायचा. आई काही बोलायची नाही. मला वाटायचं आमचं नशीबच तसं. पुढे कॉलेजात यादृच्छिक नमुना, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुना, शिकले त्या दिवशी मला ती टोपली आठवली.

हेच गणित तुम्ही करा. समजा ४० बंडलांपैकी ८ सैल आहेत. एक ते चाळीस चिठ्ठ्या करा, डब्यात हलवा, दोन काढा, त्याच क्रमांकांची बंडलं तपासा. दोन्ही घट्ट निघण्याची संभाव्यता किती? छेद आधी लिहा: पहिल्या वेळी ४०, दुसऱ्या वेळी ३९. वर ३२ आणि ३१. गुणाकार ९९२/१५६०, साधारण ०.६४. वरूनच दोन उचलल्यावर ती शून्य होती. चिठ्ठ्या काढल्या असत्या तर शंभरपैकी चौसष्ट सकाळी आई छाट न लागता घरी आली असती.