घ्यायचा, धरायचा की सोडायचा? आमच्या पेठेच्या फॅन्टसी लीगमधल्या नव्या पोरांसाठी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान आहे आणि आमच्या गल्लीच्या फॅन्टसी प्रीमिअर लीगची (एफपीएल: इंग्लंडच्या प्रीमिअर लीगमधल्या फुटबॉलपटूंचा आपला संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या खेळावर पॉइंट मिळवायचे, असा ऑनलाइन खेळ) मी ॲडमिन आहे. दोन्हीकडं प्रश्न एकच येतो, "वैनी, हे चालू ठेवू का बंद करू?" गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. खेळाडूंचं मी सांगते.

यंदा लीगमध्ये बरीच नवी पोरं आलीत. त्यातल्या निम्म्यांनी आधी क्रिकेटच्या पैसे लावायच्या फॅन्टसीत हात पोळून घेतलेत. 2025 च्या कायद्यानं ते दुकान बंद झालं, बरं झालं. इथं पैसा नाही, फक्त अब्रू आहे. पण त्यांची जुनी सवय काही जात नाही, दर मॅचला नवा संघ लावायची. एफपीएलमध्ये ऑगस्टपासून मेपर्यंत, 38 गेमवीक म्हणजे सामन्यांच्या फेऱ्या, एकच संघ ओढत न्यायचा असतो. खेळातल्या खोट्या 100 मिलियनमध्ये पंधरा जण बसवायचे: दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड, आणि एका क्लबचे तीनच. दर आठवड्याला एक बदल फुकट मिळतो. नाही वापरला तर साठतो, जास्तीत जास्त पाचपर्यंत. फुकटचे संपले की पुढच्या प्रत्येक बदलाला चार पॉइंट कापतात. ऑगस्टमधला संघ सगळ्यांचाच बरा असतो. लीग हातातून जाते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, या फालतू बदलांपायी.

मी खेळाडू बघते तो या क्रमानं: आधी मिनिटं, मग त्याचं मैदानावरचं काम, आणि पॉइंट सगळ्यात शेवटी. पोरं नेमकी उलटी जातात. रविवारी कुणीतरी दोन गोल मारतो आणि सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत अर्ध्या ग्रुपनं तो घेतलेला असतो.

कुणाला घ्यायचं

साठ मिनिटं हा आकडा डोक्यात पक्का करा. साठ मिनिटं खेळला तर दोन पॉइंट, त्याच्या आत बाहेर आला तर एक. डिफेंडर आणि गोलकीपरला क्लीन शीटचे, म्हणजे संघानं एकही गोल न खाल्ल्याचे, चार पॉइंट मिळतात, तेही साठ मिनिटं भरली तरच. साठ भरल्यावर तो बाहेर आला आणि त्यानंतर संघानं गोल खाल्ला, तरी त्याचे चार शाबूत राहतात. त्यामुळं 58 व्या मिनिटाला बदलीचा बोर्ड वर गेला की आमच्या ग्रुपवर कोल्हापुरी शिव्यांचा पाऊस पडतो. नवा माणूस घेण्याआधी त्याच्या मागच्या पाच-सहा सामन्यांची मिनिटं बघा. 90, 90, 84, 90 असं दिसलं तर पुढं बोलू. 90, 23, 0, 71 असं असेल, तर त्यानं कालच हॅटट्रिक मारलेली असली तरी थांबा. मोठ्या क्लबांत, ज्यांना बुधवारी युरोपातला सामना असतो, हा घोळ जास्त.

मग काम. पेनल्टी कोण मारतो, कॉर्नर आणि फ्री किक कुणाच्या पायातून जातात? 2023-24 मधला कोल पामर आठवा. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मँचेस्टर सिटीतून चेल्सीत आला, गेममध्ये किंमत फक्त 5.0 मिलियन. त्याचा चेल्सीसाठीचा पहिला गोल ऑक्टोबरात बर्नलीविरुद्ध आला, पेनल्टीवर. गोल एकच होता, पण त्यात दोन बातम्या होत्या: हा पोरगा आता रोज खेळतो, आणि पेनल्टी त्याच्याकडं आली आहे. ज्यांनी त्या दोन बातम्या वाचल्या त्यांना तो पाचच्या आसपास मिळाला. सीझन संपताना त्याचे 22 गोल होते, त्यातले नऊ पेनल्टीवर, आणि 244 पॉइंट घेऊन तो गेममध्ये सगळ्यांच्या वर होता. 2024-25 चा ख्रिस वूड तसाच. तिशी ओलांडलेला, दिसायला संथ, नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या संघात, 6.0 ला मिळायचा. आमच्यातलं एकही पोरगं त्याचं नाव घ्यायला तयार नव्हतं, कारण त्याचं पोस्टर भिंतीवर लावावं असं काही नाही त्याच्यात. पण फॉरेस्टमध्ये पुढची जागा त्याचीच होती, पेनल्टी त्याच्याच. 20 गोल मारले.

एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल, हा आकडा बघायला शिका. खेळाडूला कुठल्या संधी मिळाल्या त्यावरून तो निघतो. एका पेनल्टीला साधारण पाऊण गोल धरतात. दोन गोल मारलेत आणि एक्सजी 0.2 असेल, तर लांबून दोन फटके बसलेत, पुढच्या आठवड्यात बसतीलच असं नाही. गोल शून्य आणि एक्सजी 1.4 असेल, तर त्या माणसाच्या नावावर खूण करून ठेवा. आकडेवारीची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी निदान हायलाइट्स सोडून अख्खा सामना बघावा. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तिथं आपण बरोबर ओळखतो की गोल कुणी का मारेना, बॉल बॉक्समध्ये नेतोय कोण आणि सत्तराव्या मिनिटाला कुणाच्या पोटऱ्या भरून आल्यात. टीव्हीसमोर बसलं की तोच डोळा कुठं जातो देव जाणे.

स्वस्तातला डिफेंडर घेताना 2025-26 पासून एक नवी सोय झाली आहे. टॅकल, इंटरसेप्शन, ब्लॉक आणि क्लिअरन्स ही बचावाची कामं मिळून एका सामन्यात दहा झाली की डिफेंडरला दोन पॉइंट. मिडफिल्डर आणि फॉरवर्डला बारा लागतात, त्यांच्यात परत मिळवलेले बॉलही मोजतात. म्हणून एव्हर्टनचा टार्कोव्स्कीसारखा, सतत दबावाखालच्या संघात डोकं घालून उभा राहणारा माणूस गोल खाऊनही काहीतरी देऊन जातो.

कुणाला धरून ठेवायचं

इथंच सगळे घसरतात, म्हणून इथं जरा सविस्तर.

दोन आठवडे पॉइंट नाहीत म्हणून चांगला खेळाडू विकणं म्हणजे ताप उतरेना म्हणून दुसऱ्याच दिवशी अँटिबायोटिकचा कोर्स बंद करणं. रोज काउंटरवर बघते मी हे. 2024-25 मध्ये न्यूकॅसलच्या इसाकचं काय झालं बघा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा लीगमध्ये एकच गोल. मध्येच पायाच्या बोटाची दुखापत. ग्रुपवर रोज एक जण त्याला काढल्याचा स्क्रीनशॉट टाकायचा, खाली दुसरा टाळ्या वाजवायचा. पण बरा झाल्यावर तो थेट सुरुवातीच्या अकरात आला, पेनल्टी त्याच्याच राहिल्या, जागा बदलली नाही. ऑक्टोबरच्या शेवटापासून गोल सुरू झाले. डिसेंबर-जानेवारीत त्यानं लागोपाठ आठ लीग सामन्यांत गोल केला आणि सीझन 23 वर संपवला. काढणाऱ्यांनी तो परत घेतला, पण चढ्या किमतीला, आणि मधले गोल गेले ते गेलेच.

किमतीचं गणित समजून घ्या, कारण "त्याची किंमत पडतीय" या भीतीनं जितके खेळाडू विकले जातात तितके फॉर्ममुळं विकले जात नाहीत. किमती आपल्याकडं पहाटे-सकाळी बदलतात, एका वेळी 0.1 नं. तुम्ही 7.0 ला घेतला आणि तो 7.3 झाला, तर विकताना 7.1 च मिळतात: वाढीचा निम्मा हिस्सा, तोही खाली ओढून. पुन्हा घ्यायला मात्र पूर्ण 7.3 मोजा. म्हणजे जुना माल विकून परत घेण्यात तुमचाच तोटा. आणि 0.1 नं घसरला तर घसरू दे की. तेवढ्यासाठी जादा बदल करून चार पॉइंट कापून घेणाऱ्याला मी हिशेबाची वही भेट देईन.

धरून ठेवताना पुढचे चार-पाच सामने बघायचे. खेळाडूचे मागचे तीन सामने आर्सेनल, लिव्हरपूल आणि सिटीविरुद्ध गेले असतील आणि पुढं खालच्या लीगमधून नव्यानं वर आलेले संघ असतील, तर त्याला आत्ता विकणारा दुसऱ्याच्या भल्यासाठी विकतोय.

पाच पिवळी कार्डं झाली म्हणूनही कुणाला काढू नका. पहिल्या 19 सामन्यांच्या आत पाच झाली तर एका सामन्याची बंदी लागते. एक आठवडा बेंचवर, म्हणजे अकराच्या बाहेरच्या राखीव चौघांत, बसवा, विषय संपला.

कुणाला सोडायचं

दुखापत. यात माझं थोडं चालतं, कारण तालमीतली पोरं क्रेप बँडेज आणि स्प्रे न्यायला माझ्याकडंच येतात. हॅमस्ट्रिंग म्हटलं की आपली पोरं फवारा मारून दुसऱ्या दिवशी मैदानात उतरतात आणि मग महिनाभर लंगडतात. तिकडं स्कॅन होतो. "थोडं ताणलंय" असं मॅनेजर म्हणाला आणि सामना आठवड्यावर असेल तर थांबायला हरकत नाही. "स्कॅनची वाट बघतोय" म्हणाला तर बदल तयार ठेवा. शस्त्रक्रिया हा शब्द आला की त्याच दिवशी सोडा, कितीही लाडका असो. आर्सेनलचा साका 21 डिसेंबर 2024 ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध हॅमस्ट्रिंग धरून बाहेर गेला तो थेट एप्रिलच्या पहिल्या तारखेला परत आला. आल्या आल्या गोल केला, हा भाग वेगळा. तोवर त्याच्यात अडकलेले पैसे कुजत पडले असते. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर सीझन संपला असंच धरा.

दुसरा प्रकार लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमचा खेळाडू अजिबात खेळला नाही तर बेंचवरचा पहिला माणूस आपोआप आत येतो. पण तो 88 व्या मिनिटाला पाय मोकळे करायला आला, तर तुम्हाला एक पॉइंट मिळतो आणि बेंचवरचा बारा पॉइंटवाला बाहेरच बसून राहतो. न खेळणारा परवडला, असा शेवटच्या दोन मिनिटांचा पाहुणा नको. ज्याची जागा गेली आहे आणि जो आता असाच येतो, तो पहिला सोडायचा.

तिसरा म्हणजे महागातला थंड पडलेला. पामरचंच घ्या: जानेवारी 2025 च्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत लीगमध्ये एकही गोल नाही. इसाकचं उदाहरण देऊन मला अडवू नका. तो दोनेक महिन्यांचा प्रश्न होता, त्यातही मध्ये दुखापत. हा साडेतीन महिन्यांचा. दहा मिलियनच्या वरचा माणूस सहा आठवडे काही देत नसेल, तर त्याच पैशांत दुसरा चालू माणूस बसतो. मी सोडते. पुन्हा फॉर्मात आला तर दार उघडं आहे.

आणि पेठेची निष्ठा. पीटीएमवाला (पाटाकडील तालीम मंडळाचा) शिवाजी तरुण मंडळाच्या पोराचं कौतुक करणार नाही, कोल्हापूरच्या फुटबॉल संघांतलं ते वैर शाहू स्टेडियमवर शोभतं. मँचेस्टर युनायटेडचा स्कार्फ घालून लिव्हरपूलचा एकही खेळाडू न घेणारे आमच्यात आहेत. 2024-25 ला लिव्हरपूलच्या सालाहनं 344 पॉइंट केले, आणि त्या सीझनभर ही मंडळी तळाला एकमेकांना धरून होती.

बदल कधी करायचा

डेडलाइन गेमवीकच्या पहिल्या सामन्याआधी दीड तास असते. पहिला सामना शनिवारी तिकडच्या दुपारी साडेबाराचा असला की आपल्याकडं दुपारी साडेतीनला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर मागं जातात, मग साडेचारला. शुक्रवार रात्रीचा सामना असेल तर आपल्याकडं रात्री अकरा किंवा बारा वाजता, आणि त्याच आठवड्यात गोंधळ होतो, म्हणून गुरुवारी तारीख बघून ठेवा. मॅनेजर लोक बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी, आपल्या दुकानाच्या ऐन गर्दीत, कोण जायबंदी आहे ते सांगतात. त्याच्या आधी बदल करायचाच नाही. मंगळवार-बुधवारी चॅम्पियन्स लीग असते, सोमवारी घेतलेला माणूस तिथं पाय मुरगळून येतो.

शनिवारी बदल करून झाला की बेंचचा क्रम तपासा. गोलकीपरची जागा वेगळी असते, तिचा विचार नको. बाकी तिघांत पुढचा सामना सोपा असलेला आणि नक्की खेळणारा पहिल्या नंबरवर. कॅप्टनचे पॉइंट दुप्पट होतात, तो खेळलाच नाही तर व्हाइस कॅप्टनचे होतात, म्हणून दोघं एकाच सामन्यातले ठेवू नका. वाइल्डकार्डाबद्दल (हवे तितके बदल फुकट करू देणारी सवलत) आणि बाकीच्या चिप्सबद्दल, म्हणजे अशाच मोजक्या वेळा वापरता येणाऱ्या सवलतींबद्दल, पोरं आत्ताच विचारायला लागलीत. पहिले सहा-सात गेमवीक हात लावू नका, मग बोलू.