डीबगरला मॅक्रो सापडत नाही? ड्वार्फचा नवा मॅक्रो फॉरमॅट वाचताना या चुका टाळा

जीसीसी या कंपाइलरला 'जी३' (मॅक्रोचीही डीबग माहिती लिही) हा पर्याय दिला, प्रोग्राम बिल्ड झाला, पण तुमच्या टूलमध्ये एकही मॅक्रो दिसत नाही. एररही नाही. अशा वेळी दोष बहुधा रीडरमध्ये, म्हणजे ही माहिती वाचणाऱ्या कोडमध्ये असतो. ड्वार्फ म्हणजे डीबग माहिती लिहिण्याचं प्रमाण. त्याच्या आवृत्ती ४ पर्यंत मॅक्रोची माहिती 'डीबग_मॅकइन्फो' या सेक्शनमध्ये असायची. २०१७ च्या ड्वार्फ ५ मध्ये तिची जागा 'डीबग_मॅक्रो'ने घेतली, आणि जीसीसी तर त्याच्या बरंच आधीपासून, ४.७ पासून, आवृत्ती ४ असा शिक्का मारून हाच साचा वापरत होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुन्याच पार्सरला नवा सेक्शन वाचायला देणे. डिफाइन, अनडेफ, फाइल सुरू, फाइल संपली या चौघांचे कोड १ ते ४ दोन्हीकडे तेच आहेत, म्हणून मोह होतो. पण नव्या सेक्शनच्या सुरुवातीला हेडर, म्हणजे पुढच्या नोंदी कशा वाचायच्या ते सांगणारा भाग असतो. आवृत्ती ४ च्या हेडरचे पहिले दोन बाइट लिटल एंडियन (लहान बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर '०४ ००' असे येतात. जुना पार्सर ०४ म्हणजे 'फाइल संपली' आणि ०० म्हणजे 'यादी संपली' असं समजून शांतपणे बाहेर पडतो. आधी आवृत्ती वाचा, मग फ्लॅगचा बाइट. ऑफसेट (सेक्शनमधली जागा सांगणारे आकडे) ४ बाइटचे की ८ बाइटचे, आणि पुढे लाइन टेबलचा, म्हणजे सोर्स फाइली व ओळींच्या तक्त्याचा, ऑफसेट आहे की नाही, हे त्यातूनच कळतं.

दुसरी अडचण इम्पोर्टची, म्हणजे कोड ७ ची. त्यातला ऑफसेट दुसऱ्या मॅक्रो युनिटकडे (मॅक्रो नोंदींच्या वेगळ्या गठ्ठ्याकडे) नेतो आणि त्या युनिटला स्वतःचा हेडर असतो. तो न वाचता थेट नोंदी वाचायला गेलात तर पुढचं सगळं घसरतं. चक्रात अडकू नये म्हणून 'पाहिलेल्या' युनिटांची एकच कायमची यादी ठेवणंही चूक आहे. तेच युनिट अनेक सोर्स फाइलींना हवं असतं, त्यामुळे पहिली सोडून बाकी फाइलींचे मॅक्रो गायब होतात. फक्त त्या क्षणी उघडी असलेली युनिटं लक्षात ठेवा.

लिंक न केलेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये 'डीबग_मॅक्रो' नावाचे अनेक सेक्शन असू शकतात. नावावरून पहिला सापडला की थांबू नका. रिलोकेशनही (लिंकरसाठी राखलेल्या जागांत खरे आकडे भरणं) लावा, नाहीतर एक्स८६-६४ वर स्ट्रिंगचे सगळे ऑफसेट शून्यच दिसतील.

फाइलचं नाव एका घराने चुकत असेल तर लाइन टेबलची आवृत्ती पाहा. ४ पर्यंत फाइलींची मोजणी १ पासून होते, ५ मध्ये ० पासून.

चाचणीसाठी जीसीसीने एकच फाइल तीनदा बिल्ड करा: ड्वार्फ ४ 'स्ट्रिक्ट' पर्यायासह, ड्वार्फ ४ त्याशिवाय, आणि ड्वार्फ ५. तिन्हींचं आउटपुट रीडएल्फ या फाइल तपासणाऱ्या टूलच्या मॅक्रो डंपशी ताडून पाहा. क्लँग या दुसऱ्या कंपाइलरची बिल्डही घ्या. तिथे नुसतं 'जी३' पुरत नाही, 'एफडीबग-मॅक्रो' द्यावं लागतं. जीसीसी स्ट्रिंगचा थेट ऑफसेट लिहितं, तर क्लँग ड्वार्फ ५ मध्ये स्ट्रिंगचा इंडेक्स देतं. तो सोडवायला कंपाइल युनिटचा स्ट्रिंग-ऑफसेट बेस (स्ट्रिंगच्या ऑफसेटची यादी कुठे सुरू होते ते) हाताशी लागतो, आणि फक्त जीसीसीवर तपासलेला रीडर नेमका इथे अडतो.