बातम्यांवरील विनोदातून इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा

इंग्रजी बातमी वाचून समजते, परंतु त्याच बातमीवरचा विनोद ऐकताना सगळे प्रेक्षक हसतात आणि आपल्याला मात्र त्यात हसण्यासारखे काय होते ते कळत नाही, असा अनुभव मराठी माध्यमात शिकलेल्या अनेकांना येतो. अशा वेळी सगळे वाक्य अडलेले नसते. बहुतेकदा एकच शब्द अडलेला असतो आणि तो वाक्याच्या अगदी शेवटी, हशा पिकण्याच्या जरा आधी आलेला असतो. कोणता शब्द शिकायचा हे येथे प्रेक्षकांचे हसणेच दाखवून देते, आणि म्हणून हे साधन मला फार मोलाचे वाटते.

सुरुवात घराजवळून करावी. अमूलचे फलक 1966 पासून चालू घडामोडींवर शब्दांच्या कोट्या करीत आले आहेत. त्यांच्या ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ या घोषवाक्यातला ‘अटर्ली’ शब्दकोशात ‘अगदी, पूर्णपणे’ या अर्थाने सापडतो. ‘बटर्ली’ मात्र यमकासाठी ‘बटर’ला शेपूट जोडून घडवलेला आहे. एखादा शब्द कोशात मिळाला नाही, तर तो दोन शब्दांच्या जोडकामातून तयार झाला आहे का, हे पाहण्याची सवय अशा फलकांवरून लागते. आर. के. लक्ष्मण यांची 1951 साली सुरू झालेली ‘यू सेड इट’ ही व्यंगचित्रेही याच कारणासाठी जवळ ठेवावीत. त्यांत कॉमन मॅन गप्प असतो आणि बोलणारे बहुधा पुढारी किंवा अधिकारी असतात, त्यामुळे एकेका ओळीत सरकारी कामकाजातले इंग्रजी नेमके हाती लागते.

त्यानंतर परदेशी कार्यक्रमांकडे वळताना एक पथ्य पाळावे: मूळ बातमी आधी मराठीत वाचून घ्यावी. ब्रिटनमधील 2022 सालचे उदाहरण घेऊ. लिझ ट्रस 6 सप्टेंबरला पंतप्रधान झाल्या आणि त्यांच्या सरकारच्या करकपातीच्या योजनेने बाजारात खळबळ उडाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत त्यांचे आसन डळमळू लागले. त्यांच्या सत्तेचे आयुष्य लेटसच्या ‘शेल्फ लाइफ’एवढेच असल्याचे ‘द इकॉनॉमिस्ट’ने लिहिले. मग ‘डेली स्टार’ या वृत्तपत्राने लेटसचा, म्हणजे बर्गरमध्ये घालतात त्या कोबीसारख्या भाजीचा, एक गड्डा टोप घालून कॅमेऱ्यासमोर मांडला आणि आधी कोण कोमेजते, हे थेट प्रक्षेपणातून दाखवायला सुरुवात केली. ट्रस यांनी 20 ऑक्टोबरला राजीनामा जाहीर केला, तेव्हा गड्डा तेथेच होता.

या एका प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘शेल्फ लाइफ’ म्हणजे दुकानाच्या फळीवर वस्तू टिकण्याचा काळ. पदाला किंवा लोकप्रियतेला लावला की त्याच शब्दाला बोचरी धार येते. ‘विल्ट’ म्हणजे पाने मलूल होणे, आणि माणसाच्या बाबतीत दबावाखाली हातपाय गळणे. ‘आउटलास्ट’ म्हणजे दुसऱ्यापेक्षा अधिक टिकणे. येथे मराठीत ‘गड्डा ट्रस यांना पुरून उरला’ असे म्हणता येते. ‘आउट’ हा उपसर्ग एकदा उमगला की ‘आउटलिव्ह’, ‘आउटनंबर’, ‘आउटविट’ हे शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत. शिवाय ‘लेटस’ आणि ‘लेट अस’ यांच्या उच्चारांतील साम्यावर इंग्रजीत वारंवार कोटी होते, ती कानानेच पकडावी लागते.

काही शब्दांच्या मागे दुसरी बातमी दडलेली असते. जून 2014 मध्ये विनोदी निवेदक जॉन ऑलिव्हर यांनी आपल्या ‘लास्ट वीक टुनाइट’ या कार्यक्रमात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांवर टीका केली, कारण ते पूर्वी केबल उद्योगाचे ‘लॉबीइस्ट’, म्हणजे त्या उद्योगाच्या हितासाठी सरकारवर वजन टाकणारे, होते. ही नेमणूक म्हणजे ‘बेबीसिटर’ हवा असताना ‘डिंगो’ला कामावर ठेवण्यासारखे आहे, असे ऑलिव्हर म्हणाले. कोश सांगतो की डिंगो हा ऑस्ट्रेलियातील रानकुत्रा आहे. परंतु 1980 साली तेथे उलुरूजवळ एका तान्ह्या मुलीला डिंगोने पळवून नेले आणि तिच्या आईला त्यासाठी अन्यायाने तुरुंगवास भोगावा लागला, हे ठाऊक असेल तरच या तुलनेचा बोच कळतो. हे कळल्यावर तो शब्द थट्टेत वापरताना आपण आपोआप जपून राहतो. पुढे त्या अध्यक्षांनी आपण डिंगो नसल्याचे पत्रकारांना सांगितले, तेही ‘फॉर द रेकॉर्ड’, म्हणजे अधिकृत नोंद व्हावी म्हणून. वहीत या तुलनेशेजारी ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही आपली म्हण लिहावी. अर्थ कायमचा मनात बसतो.

प्रत्यक्ष अभ्यासासाठी चार मिनिटांपेक्षा मोठा तुकडा घेऊ नये. पहिल्यांदा उपशीर्षके न लावता ऐकावे आणि प्रेक्षक हसले पण आपण हसलो नाही, ती जागा टिपून ठेवावी. दुसऱ्यांदा उपशीर्षके लावून तेथे थांबावे व सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य उतरवावे. एका बैठकीत पाच शब्द पुरेत. मग प्रत्येक शब्द आपल्या गावच्या बातमीत, विनोद न करता वापरून पाहावा: ‘द न्यू रोड डिड नॉट आउटलास्ट द फर्स्ट रेन्स.’ असे सरळ वाक्य जमले म्हणजेच शब्द आपला झाला असे मी मानतो.

घरी दोघे शिकत असतील तर बीबीसीवरील 1990 पासूनच्या ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ या कार्यक्रमातील गाळलेल्या शब्दांचा खेळ उचलावा. वर्तमानपत्रातील मथळ्याचा एक शब्द झाकून दुसऱ्याला तो ओळखायला लावावा. चुकलेले अंदाजही शब्दसंग्रहात भर घालतात. ज्यांचा कान कच्चा आहे त्यांनी बीबीसी रेडिओवर 1977 पासून चालणारे ‘द न्यूज क्विझ’ ऐकावे, कारण तेथे चेहऱ्यावरील हावभावांचा आधार मिळत नाही.

शब्द कोठे चालेल याची खूण वहीत अवश्य करावी. ‘जेरीमँडर’, म्हणजे आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखणे, हा शब्द 1812 साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या मतदारसंघ-रचनेवरील थट्टेतून जन्मला, आणि आज तो गंभीर लेखनात बिनधोक चालतो. अमेरिकी विनोदी निवेदक स्टीफन कोल्बेअर यांनी 2005 मध्ये रूढ केलेला ‘ट्रुथीनेस’, म्हणजे पुराव्याविना मनाला खरे वाटणे, कोशात पोहोचला असला तरी त्याला विनोदाचा वास आहे, म्हणून परीक्षेत तो टाळावा. ऑलिव्हर यांच्या कार्यक्रमातील शिव्या समजून घ्याव्यात, पण त्या कार्यालयात नेऊ नयेत. ब्रिटिश निवेदक एखाद्या फसलेल्या योजनेला ‘ब्रिलियंट’ म्हणतो तेव्हा वहीत शब्दाशेजारी ‘उलट अर्थाने’ असे लिहावे.

पंधरा दिवसांनी तोच तुकडा वही मिटून पुन्हा ऐकावा. ज्या जागी आता हसू आले तिच्यावर काट मारावी, आणि जेथे अजूनही अडले ते वाक्य पुढच्या पानावर नव्याने लिहून घ्यावे.