प्रायमरी स्टँडर्ड घेताना या चुका टाळा

टायट्रेशनचं (माहीत तीव्रतेच्या द्रावणाने दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्याचं) उत्तर चुकलं की आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये नवीन आलेली मुलं आधी ब्युरेटवर (द्रावण मोजून सोडायच्या नळीवर) संशय घेतात, मग इंडिकेटरवर (शेवट रंग बदलून दाखवणाऱ्या द्रव्यावर). वजन करून घेतलेल्या पावडरकडे, म्हणजे प्रायमरी स्टँडर्डकडे (ज्याच्या वजनावरून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता ठरवतात त्या शुद्ध पदार्थाकडे) कोणी बघत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

मला सगळ्यात जास्त त्रास दिलेली चूक म्हणजे दिसेल तो पदार्थ ११० अंशांच्या ओव्हनमध्ये टाकणं. एका ट्रेनीला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरून ०.१ नॉर्मल (नॉर्मलिटी म्हणजे द्रावणाची तीव्रता) कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, स्टँडर्डाइझ करायला, त्याची नेमकी तीव्रता ठरवायला दिलं होतं. १० मिली अ‍ॅसिडला साधारण १० मिली कॉस्टिक लागायला हवं. त्याला लागलं १३.८. पुन्हा १३.८. कॉस्टिक ०.०७२ नॉर्मल निघालं. पावसाळ्याचे दिवस, पेलेट्सनी ओल धरली असणार म्हणून आम्ही नवी बाटली फोडली. तरी तेच. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी त्याची वेइंग बॉटल उघडून पाहिली. ऑक्झॅलिकचे स्फटिक काचेसारखे पारदर्शक असतात, इथे खडूसारखी पांढरी भुकटी होती. "मॅडम, मॉइश्चर नको म्हणून रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं होतं."

त्याने मॉइश्चर काढलं नव्हतं, स्फटिकजल, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतलंच पाणी, घालवलं होतं. दोन रेणू पाण्यासकट रेणुभार १२६.०७, पाणी पूर्ण गेलं की ९०.०३. म्हणजे ०.६३ ग्रॅम तोलून १०० मिली केलं तर द्रावण ०.१ नव्हे, ०.१४ नॉर्मल होतं. रीडिंग कॉन्कर्डंट (एकमेकांशी जुळणारं) आलं यावर मुलं फार विसंबतात. पण तीच चुकीची बाटली तीनदा वापरली तर आकडा तीनदा सारखाच येणार.

कॉस्टिकसाठी मी आता पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच घेते. त्यात स्फटिकजल नाही, ११० ते १२० अंशांवर दोन तास पुरतात. रेणुभार २०४.२२ असल्यामुळे वजनही भरपूर घ्यावं लागतं: २५ मिली ०.१ नॉर्मल कॉस्टिकला सुमारे ०.५१ ग्रॅम, तर ऑक्झॅलिक फक्त ०.१६. वजनात तेवढीच चूक झाली तरी ऑक्झॅलिकमध्ये ती तिपटीहून जास्त बोचते. इंडिकेटर मात्र फिनॉल्फ्थॅलिन. मिथिल ऑरेंज इथे चालत नाही.

सोडियम कार्बोनेटचं उलट. त्याला ११० अंश पुरत नाहीत. त्यात थोडं बायकार्बोनेट असू शकतं, ते मोडायला २६० ते २७० अंशांवर तासभर हवा. ओव्हन तिथवर जात नसेल तर सँड बाथ घ्या, घाई करू नका.

बोरॅक्सला तर आपला उन्हाळाच पुरे. नवतपाच्या कोरड्या हवेत उघडी बाटली राहिली की त्याचं पाणी उडायला लागतं, त्याने तपासताना हायड्रोक्लोरिक आम्ल जास्त लागतं आणि आम्लाची नॉर्मलिटी कमी निघते. सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येही (ओल शोषणारं जेल घातलेल्या बंद भांड्यात) बोरॅक्स ठेवू नका. खाली साखर आणि मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलेला डेसिकेटर वेगळा ठेवा.

एआर ग्रेड (विश्लेषणासाठीचं शुद्ध रसायन) म्हणजे प्रायमरी स्टँडर्ड नव्हे. कॉस्टिक, परमँगनेट, थायोसल्फेट कितीही महागाचं आणा, थेट तोलून नॉर्मलिटी लिहायची नाही. ती प्रायमरी स्टँडर्डने तपासायची: परमँगनेटला सोडियम ऑक्झॅलेट, थायोसल्फेटला पोटॅशियम आयोडेट, ईडीटीएला (पाण्यातले धातू मोजायच्या द्रव्याला) कॅल्शियम कार्बोनेट.

गरम क्रूसिबल तोलू नका, वजन कमी दाखवतं. जेल गुलाबी झालं असेल, म्हणजे ओलीने भरलं असेल, तर त्या डेसिकेटरचा उपयोग नाही. वजनकाट्याच्या दिशेने कूलर तर अजिबात नको. वाऱ्याने शेवटचा आकडा हलत राहतो आणि मुलं कंटाळून मधलाच कुठला तरी लिहितात.

जुन्या लेबलवरची नॉर्मलिटी उतरवून काम उरकणं मला खपत नाही. मी दर वेळी दोन वेगळी वजनं घेते, एकाच द्रावणाची दोन पिपेटं नव्हे. उत्तरांत ०.२ टक्क्यांहून जास्त फरक आला की तिसरं वजन. आणि वेइंग बॉटलवर पेन्सिलीने सुकवल्याची तारीख आणि तापमान.