हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर टीव्ही कसा बसवला

आमचा 43 इंची टीव्ही लावून आठवडा झाला आणि वरच्या बाजूने स्टँड भिंतीपासून सुटू लागला. बोट जाईल एवढी फट. टीव्ही आधी खाली उतरवला, कारण खाली आईची खुर्ची असते.

स्क्रू काढल्यावर भोकातून पांढरा भुगा पडला. भिंत विटांची नव्हती, एएसी ब्लॉकची, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटच्या ब्लॉकची होती. हा ब्लॉक हलका आणि सच्छिद्र असतो. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारा मोड, चालू ठेवून ड्रिल केलं की भोक मोठं होतं आणि साधा छोटा गिट्टा (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आत नुसता फिरतो. शिवाय आमचा स्टँड पुढे ओढता येणारा होता. हात पुढे काढला की वरच्या स्क्रूंवर ओढ कितीतरी वाढते. अशा भिंतीला तो नकोच, असं माझं ठाम मत झालं आहे.

मग भिंतीलगत बसणारा फिक्स स्टँड आणला. घेण्याआधी टीव्हीच्या मागच्या भोकांमधलं अंतर मोजलं: आडवं 200, उभं 200 मिमी. हे जुळलं नाही तर स्टँड बसतच नाही.

जुनी भोकं सोडून नवी जागा धरली. स्विचबोर्डच्या सरळ वरची रेघ टाळली, तिथून वायरचा पाइप जातो. हॅमर बंद करून भोकं पाडली, फुंकून साफ केली आणि एएसीसाठीचे लांब नायलॉन गिट्टे बसवले. टीव्ही चढवण्यापूर्वी स्टँडच्या रिकाम्या पट्टीला दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहिलं. जराही हलली नाही.