गच्चीवरून आपला अक्षांश मोजायचा कसा

‘रत्नागिरी, 17 अंश उत्तर’ हे मी भूगोलाच्या तासाला फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण ते 17 स्वतः मोजून कधी पाहिले नव्हते. निवृत्त झाल्यावर पाहिले. लागलं काय, तर जाड पुठ्ठा, शीतपेयाची नळी, शिवणाचा दोरा आणि एक लोखंडी नट. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली उतरणाऱ्या पोर्तुगीज खलाशांकडे याच जातीचं यंत्र असायचं, क्वाड्रंट. पाव वर्तुळ आणि त्याला टांगलेला ओळंबा, बस. गिनीला जाऊन आलेला दियोगो गोमिश तर सांगतो की ध्रुवाची उंची त्याने क्वाड्रंटवरच लिहून ठेवली. उंची म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, आणि ध्रुवाचा हा कोन म्हणजेच आपला अक्षांश.

पुठ्ठ्यावर 20 सेंमी त्रिज्येचं पाव वर्तुळ काढा आणि कापा. कंपासपेटीतल्या कोनमापकाएवढं करू नका. त्यावर एक अंश मिलीमीटरभरही नसतो, अंधारात काय दिसणार? 20 सेंमीवर तो साडेतीन मिलीमीटर होतो. वास्को द गामाने याच कारणासाठी तीन वीत रुंदीचा लाकडी अॅस्ट्रोलेब, म्हणजे उंची मोजायची अंश कोरलेली चकती, नेला होता. तो हलत्या जहाजावर कामाचा नव्हता, म्हणून नोव्हेंबर 1497 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सेंट हेलेना उपसागरात त्याने तो किनाऱ्यावर उतरवला आणि तिकाटण्याला टांगून सूर्याची उंची घेतली. आपली गच्ची हलत नाही, हा आपला मोठा फायदा.

आता एका सरळ कडेला नळी चिकटवा. कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवा, टोकाला नट बांधा. नळीच्या कडेचं कमानीकडलं टोक म्हणजे 90, दुसऱ्या कडेचं 0. डोळा 90 कडे, कोपरा ताऱ्याकडे. मी पहिल्या रात्री आकडे उलटे घातले होते. उत्तर आलं 73, म्हणजे रत्नागिरी थेट आर्क्टिकात! नव्वदातून वजा केल्यावर जीव भांड्यात पडला.

ध्रुव शोधायला एप्रिल-मेची रात्र उत्तम. सप्तर्षींच्या चौकोनातले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतु, जोडून रेघ त्याच दिशेने पाचपट लांबवा. तारा फार तेजस्वी असेल अशी अपेक्षा ठेवू नका. नळीतून तो दिसला की दोरा स्थिर होऊ द्या, मग बोटाने पुठ्ठ्यावर दाबून धरा आणि टॉर्चखाली आकडा वाचा. वाचणारा दुसरा असेल तर फारच सोपं. आमच्याकडे हे काम नातीकडे आहे.

एका मापावर विसंबू नका. आमची पाच मापं: 16.5, 18, 17, 17.5, 17.5. सरासरी 17.3. एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, तेव्हा माझ्या पुठ्ठ्याच्या मते मी घराच्या गच्चीवर नसून तेहतीसेक किलोमीटर उत्तरेला जयगडला उभी होते. वाईट नाही. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशाच्या आतच आहे. 1500 च्या सुमारास तो साडेतीन अंश दूर होता, त्यामुळे शेजारचे तारे कुठे आहेत ते बघून खलाशांना हिशेब दुरुस्त करावा लागे. विषुववृत्त ओलांडलं की तो दिसेनासाच होई. मग सूर्य आणि त्याच्या रोजच्या जागेची कोष्टकं. अब्राहम झाकूतो या खगोलशास्त्रज्ञाची कोष्टकं 1496 मध्ये पोर्तुगालात लैरियाला छापली गेली. तुम्ही मात्र नळी सूर्यावर रोखू नका, डोळा जाईल. अॅस्ट्रोलेबवाले सूर्याकडे बघत नसत, दोन भोकांतून पडणारा कवडसा जुळवत.

यापेक्षा स्वस्त यंत्र हवं असेल तर ‘कमाल’ नावाचं फळी-दोरीचं साधन करा. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात गामाने आपला अॅस्ट्रोलेब दाखवला तेव्हा गुजराती वाटाड्याला त्याचं काही नवल वाटलं नाही, असं बारोस हा पोर्तुगीज इतिहासकार लिहितो. खंबातचे नाविक असंच फळ्यांचं वेगळं साधन वापरत. त्याच वाटाड्याने जहाजं मे 1498 मध्ये कालिकतला आणली.

10 सेंमी उंचीची फळी, मधोमध भोक, त्यातून दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळी ताणून खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला लावायची. गाठी फळीपासून मोजून मारा: मुंबईची 30 सेंमीवर, रत्नागिरीची 33, पणजीची 37, कालिकतची 50. ज्या गाठीवर तारा बसेल तो तुमचा अक्षांश. जहाजाने उत्तर-दक्षिण जात हव्या त्या बंदराचा अक्षांश गाठायचा, मग ध्रुव त्याच गाठीवर ठेवून सरळ किनाऱ्याकडे यायचं.

कोकणातली अडचण एवढीच की आपला समुद्र पश्चिमेला आणि ध्रुव उत्तरेला. रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर वाळूत उभं राहून उत्तरेला पाण्याचं क्षितिज मिळत नाही, जमीन आणि दिवे आडवे येतात. होडीतून चांगलं बाहेर जावं लागतं, आणि तेही चांदण्या रात्री, नाहीतर काळ्या पाण्यात क्षितिज दिसत नाही. ओहोटीची वेळ आधी तांडेलाला विचारून घ्या.